बियाण्याची साक्ष कोणाच्या बाजूने?

(रिठद, ता. रिसोड, जि. वाशीम येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रिठदच्या शिवारात आज सोयाबीन आणि तूर यांचे राज्य आहे. वऱ्हाडची ओळख ज्या कपाशीने घडविली, ती या पट्ट्यात मागे हटत गेली. तरी ज्या घरांनी ती सोडलेली नाही त्या घरांत दरवर्षी मृगाच्या तोंडावर एक विसंगती दिसते. सोयाबीनचे बी घरच्या पोत्यातून निघू शकते. ते चाळून, फुटके दाणे वेगळे काढून, ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून, किती मोडले आणि किती कुजले हे मोजून शेतकरी पेरणी करतो. कपाशीचे बी मात्र कृषी केंद्रातूनच आणावे लागते. गावातून गाडीभर कापूस जिनिंगला जातो, त्यातून पोत्यांनी सरकी निघते, ती तेलाला आणि ढेपेला जाते. परंतु तिच्यातली एक मूठही बी म्हणून परत येत नाही. २०२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने बोलगार्ड-दोन कपाशीच्या एका थैलीची कमाल किंमत ९०१ रुपये ठरविली. कोरडवाहू कास्तकाराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नाही, आणि पाऊस दडी मारून दुबार पेरणी आली तर ती दुप्पट होते.

हे असे का, याचे उत्तर बियाच्या आत आहे. आणि बियाच्या आत काय आहे ते वाचण्याचे साधन कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न पुन्हा जुनाच, म्हणजे मालकीचा आहे. त्यासाठी आनुवंशिकतेचे शास्त्र थोडे खोलात जाऊन समजून घेणे कार्यकर्त्याला भाग आहे. कुळकायदा न वाचता कुळांचा लढा लढविता आला नसता, तसेच हे.

प्रथम एक गैरसमज दूर झाला पाहिजे. कंपन्यांनी बी वांझ केले आहे, बीटी कपाशीची सरकी उगवतच नाही, असे पुरोगामी व्यासपीठांवरूनही अनेकदा सांगितले जाते. १९९८ साली अमेरिकेत ‘टर्मिनेटर’ नावाच्या तंत्राचे पेटंट दिले गेल्याची बातमी आली, त्याच वर्षी कर्नाटक राज्य रयत संघाने चाचणीची कपाशी शेतात जाऊन जाळली, आणि तेव्हापासून ही समजूत रूढ झाली. वस्तुस्थिती अशी की ते तंत्र कपाशीच्या बाजारात कधी आलेच नाही. भारताच्या २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तर तसे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणीच निषिद्ध ठरविली आहे. बीटी कपाशीची सरकी उगवते. ज्या शेतकऱ्याने ती उगवलेली डोळ्यांनी पाहिली आहे, त्याच्यासमोर ‘ती उगवत नाही’ असे म्हणणारा कार्यकर्ता पुढची खरी गोष्ट सांगू लागला तरी त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

खरी गोष्ट अशी आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या देशी कपाशीत ती २६ आहेत, अमेरिकन कपाशीत ५२. या गुणसूत्रांत डीएनए नावाचा अतिदीर्घ रेणू असतो आणि आईबापांचे गुण लेकरात उतरतात ते त्याच्याच वाटे. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्वाल्ड एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाणूंवरील प्रयोगांनी हे दाखवून दिले. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी त्या रेणूची रचना उलगडली. तिला आधार होता रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीच्या क्ष-किरण चित्रांचा, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे चित्र तिच्या परवानगीवाचून वॉटसनला दाखविले गेले होते. विज्ञानातही श्रम एकाचे आणि सातबारा दुसऱ्याचा असे घडते, ते असे.

ही रचना दोन पदरांच्या गोफासारखी आहे. पदरांवर चार रसायने ओळीने बसलेली असतात: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. एका पदरावर अ‍ॅडेनिन असेल तर समोर थायमिनच, ग्वानिन असेल तर समोर सायटोसिनच. त्यामुळे गोफ उलगडून पदर वेगळे झाले की प्रत्येक पदर आपला जोडीदार नव्याने विणू शकतो. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही पेशींना तोच मजकूर मिळतो. आनुवंशिकतेचे रहस्य म्हणून जे शतकानुशतके दैवाच्या आणि रक्ताच्या नावाने सांगितले गेले, ते मुळात या चार अक्षरांच्या जुळणीचे साधे रसायन आहे. त्यात जातीचे अक्षर कुठेही नाही, हेही जाता जाता नोंदविण्यासारखे.

तीन अक्षरांचा एक शब्द होतो आणि तो शब्द एका अमिनो आम्लाचे नाव सांगतो. अशा अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रथिन. ही लिपी ज्यांनी वाचली त्यांत हरगोविंद खुराना होते. मुलतानकडच्या रायपूर या खेड्यातल्या पटवाऱ्याचा, म्हणजे इथल्या भाषेत तलाठ्याचा, हा मुलगा. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासमवेत मिळाले.

आता कपाशीकडे वळावे. प्रत्येक रोपाला मजकुराची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. संकरित वाणात आई व बाप मुद्दाम भिन्न घेतलेले असतात. त्यांची पहिली पिढी एकसारखी, जोमदार निघते. मात्र या पिढीच्या पोटी येणाऱ्या सरकीत दोन्ही प्रतींची नव्याने वाटणी होते. एका दाण्यात एक गुण जातो, दुसऱ्यात तो जात नाही, आणि पुढच्या वर्षी शेतात कोणतेही रोप दुसऱ्यासारखे उरत नाही. मेंडेलने १८६५ साली वाटाण्याच्या प्रयोगांतून हाच हिशोब मांडला होता. सोयाबीनचे वाण सरळ असते, त्याच्या दोन्ही प्रती सारख्याच. म्हणून घरचे बी बापासारखेच निघते. सरकी वांझ नाही, ती विस्कटते, एवढाच भेद आहे. पण या एवढ्याशा भेदावर कपाशीच्या बियाण्याचा सारा बाजार उभा आहे.

संकरित कपाशी ही काही परदेशी कंपनीची करामत नव्हे. जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस वाण एच-४ हे १९७० साली सुरतच्या सरकारी केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी काढले. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही हायब्रीड-२ दिले, नांदेडच्या केंद्राने नांदेड-४४ दिले. सार्वजनिक पैशाने उभे राहिलेले हे काम होते. प्रत्येक फूल हाताने उघडून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, अशी ही बीजोत्पादनाची रीत. बीजोत्पादनाच्या शेतांवर ती लहान मुलींच्या बोटांवर चालत आली, हा या संशोधनाच्या यशाला लागलेला डाग आहे. खाजगी कंपन्यांना यात एक वेगळीच सोय दिसली. भारतीय पेटंट कायदा बियाण्यावर आणि वनस्पतीवर पेटंट देत नाही. मग शेतकऱ्याने बी राखू नये यासाठी कायद्याऐवजी निसर्गाचेच कुलूप वापरता येते, आणि ते कुलूप म्हणजे संकर. २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी वाणांना केंद्राने परवानगी दिली. तिन्ही संकरित होती. ज्या देशांत बीटी कपाशी प्रामुख्याने सरळ वाणांत पेरली जाते, त्यांच्याहून भारत वेगळा पडला तो येथे. त्या वर्षी एका थैलीची किंमत सुमारे १,६०० रुपये होती आणि तिचा मोठा भाग तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली तेव्हा ती ७५० वर आली. २०१५ च्या अखेरीस केंद्राने दरनियंत्रणाचा आदेश काढला, आणि २०२० मध्ये शुल्क शून्य केले. शुल्क गेले, तरी थैली ७३० वरून ९०१ वर चढलीच.

बीटी म्हणजे मातीतला एक जीवाणू. बॅसिलस थुरिंजिएन्सिस त्याचे नाव. तो एक प्रथिन बनवितो आणि ते खाल्ल्यावर बोंडअळीच्या आतड्याला छिद्रे पडून ती मरते. त्या प्रथिनाचा मजकूर, म्हणजे जनुक, उचलून कपाशीच्या गुणसूत्रात बसविलेला आहे. येथपर्यंतची हकीकत कंपनीच्या पत्रकातही असते. पत्रकात जे नसते ते जनुकाच्या अभिव्यक्तीविषयी.

रोपाच्या प्रत्येक पेशीत संपूर्ण मजकूर असतो, तरी मुळाची पेशी मूळ राहते आणि पाकळीची पेशी पाकळी. कारण प्रत्येक ठिकाणी मजकुराचा थोडाच भाग वाचला जातो. जनुकाच्या अलीकडे एक नियंत्रक तुकडा असतो. तो वाचनाला मुभा देतो किंवा देत नाही. मुभा मिळाली की त्या भागाची एक तात्पुरती नक्कल निघते, आरएनए या रेणूची, आणि ती नक्कल पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्यात जाते. नक्कल किती निघेल हे पेशीच्या वयावर, उन्हा-पावसावर, पाण्याच्या ताणावर अवलंबून असते. सातबाऱ्यावर नाव असणे आणि जमीन ताब्यात असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे येथे बसलेल्या कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. जनुक असणे आणि जनुक व्यक्त होणे यांतही तेवढाच फरक आहे.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत डॉ. केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी बाजारातील आठ बीटी वाणांवर हे मोजून २००५ मध्ये प्रसिद्ध केले. विषारी प्रथिन सर्वांत जास्त पानांत सापडले. फुलाच्या बीजकोशात आणि बोंडाच्या सालीत ते सर्वांत कमी होते. म्हणजे अळी जेथे बसते तेथेच राखण विरळ! शिवाय पीक जसे जुने होते तसे प्रमाण घटत जाते, आणि पेरणीपासून सुमारे ११० दिवसांनी ते अळी मरण्यास लागणाऱ्या मर्यादेच्या, म्हणजे ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅमच्या, खाली जाते. विदर्भातली संकरित कपाशी शेतात उभी असते ती पाच-सहा महिने आणि कित्येकदा त्याहूनही अधिक. दसरा-दिवाळीनंतर, जेव्हा बोंडे भरतात आणि गुलाबी बोंडअळी जोर धरते, तेव्हा थैलीवर छापलेले जनुक पानात असते; त्याचे काम मात्र मंदावलेले असते.

यात संकराची भर पडते. संकरित झाडावरच्या बोंडातली प्रत्येक सरकी ही पुढची, विस्कटलेली पिढी असते. एक जनुक असेल तर चारांतल्या सरासरी तीन दाण्यांत ते असते आणि एकात नसते. दोन जनुके असतील तर काही दाण्यांत दोन्ही, काहींत एकच, काहींत एकही नाही. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला कडक विष, सौम्य विष आणि बिनविषारी घास असे तिन्ही मिळतात. अळीला विष पचविण्याची सवय लावायची असती तर याहून चांगली शाळा काढता आली नसती. गुजरातमधील चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देत नाही, हे २०१० मध्ये खुद्द मोन्सॅन्टोने मान्य केले. तोवर दोन जनुकांचे बोलगार्ड-दोन बाजारात आले होते. काही वर्षांत तेही निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भातले बोंड बोंड किडले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. फवारे कमी करणारे बी म्हणून जे विकले गेले, त्याच्या पंधराव्या वर्षी हे घडले.

त्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने बोंडअळीग्रस्तांना मदत जाहीर केली आणि तिचा एक हिस्सा बियाणे कंपन्यांकडून वसूल होईल असे सांगितले. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली. शेतकरी नमुने फॉर्म भरून तालुक्याच्या कचेरीत रांगा लावत होते. या झगड्याचा शास्त्रीय गाभा लक्षात घेतला पाहिजे. कायद्याचा प्रश्न असतो, ‘बियाण्यात जे सांगितले ते आहे काय?’ प्रयोगशाळा उत्तर देते, ‘जनुक आहे.’ झाले, बी खरे ठरले! जनुक केव्हा, कोठे आणि किती व्यक्त होते, आणि समोरची अळी त्याला मरते की नाही, हा प्रश्न विचारला जात नाही. शेतकऱ्याचे नुकसान मात्र नेमके त्या न विचारलेल्या प्रश्नात असते.

येथून डीएनए ठशाकडे यावे लागते. १९८४ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या ध्यानात आले की डीएनएमध्ये काही अक्षरसमूह पुनःपुन्हा येतात, आणि ते किती वेळा येतात हे प्रत्येक माणसात निराळे असते. त्या आवर्तनांचा पट्टा म्हणजे त्या माणसाचा ठसा. भारतात हे तंत्र स्वतंत्रपणे उभे केले हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. लालजी सिंह यांनी. पट्टेरी मण्यार सापाच्या डीएनएतून मिळालेला तुकडा त्यांनी शोधक म्हणून वापरला. मण्यार म्हटले की शेतकऱ्याचा थरकाप होतो. त्याच जातीने या देशाला गुन्हेगार आणि वारस ओळखण्याचे साधन दिले. माणसाप्रमाणेच पिकाच्या वाणाचाही ठसा घेता येतो. पानाचा एक तुकडा पुरतो. वाण कोणते, त्यात भेसळ आहे काय, बाहेरून बसविलेले जनुक आहे काय, हे सांगता येते.

एवढे अचूक साधन आजवर कोणाविरुद्ध वापरले गेले, याचा हिशोब मांडण्याजोगा आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातील चार बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. त्यांच्या बटाट्याचे नमुने मिळवून त्यांची डीएनए तपासणी करविण्यात आली होती. वाण कंपनीच्या नोंदणीचे असल्याचा तो पुरावा. देशभर ओरड झाल्यावर मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. २०२१ च्या डिसेंबरात प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणीच रद्द केली, पण २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या २००१ च्या कायद्याखाली हा वाद चालला, त्याचेच ३९ वे कलम शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क देते. अट एकच, कंपनीच्या नावाची छापील थैली करून विकू नये. इतके स्पष्ट कलम असतानाही चार शेतकऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

दुसरे उदाहरण घरचे आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशकाला दाद न देणारी, परवानगी नसलेली कपाशी उघडपणे पेरली. गावोगाव ‘चोर बीटी’ म्हणून जी ओळखली जाते तीच ही. नमुने तपासणीला गेले, गुन्हे दाखल झाले. त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात या अपराधाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. येथेही प्रयोगशाळा शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आली. ज्यांनी हे बी तयार केले आणि राज्याराज्यांतून विकले, त्यांच्या गोदामापर्यंत ती तेवढ्याच तत्परतेने का पोहोचत नाही?

तथापि संघटनेच्या भूमिकेशी सहमत होता येत नाही, आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य ही घोषणा आकर्षक आहे, परंतु निंदणाचा खर्च वाचतो म्हणजे नेमके काय होते? या जिल्ह्यात निंदण बाया करतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य भूमिहीन किंवा अल्पभूधारक घरांतल्या असतात. पावसाळ्यातल्या त्यांच्या मजुरीचा मोठा आधार हाच. तण मारणारे रसायन आले की ती मजुरी जाते. शेतकऱ्याचीही मजुरीच्या दराने कोंडी झाली आहे, हे खोटे नाही. या दोघांच्या हिताचा मेळ घालणे हे पक्षाचे काम आहे. ते एका जनुकावर सोपविता येणार नाही.

या ठिकाणी दुसऱ्या टोकाची चूकही टाळावी. बियाण्याच्या मालकीला विरोध करता करता काही मंडळी जनुकशास्त्रालाच भांडवलदारांचे कारस्थान म्हणू लागतात. ही वाट एकदा चालून झालेली आहे. सोव्हिएत रशियात स्टालिनच्या आशीर्वादाने लायसेंकोने मेंडेलचे शास्त्र बूर्ज्वा ठरविले, १९४८ मध्ये ते अधिकृतपणे हद्दपार केले. जगभर फिरून पिकांच्या बियाण्यांचा अपूर्व संग्रह करणारा व्हाविलोव त्याआधीच, १९४३ साली, सारातोवच्या तुरुंगात मरण पावला होता. समाजवादाच्या नावाने झालेल्या या अपराधाची किंमत रशियन शेतीने दोन-तीन दशके मोजली. इकडच्या साम्यवादी मित्रांना त्याची आठवण करून दिली की ते विषय बदलतात.

आणि सार्वजनिक संस्था म्हणजे आपोआप शुद्ध, असेही मानण्याचे कारण नाही. नागपूरच्या कापूस संस्थेने धारवाडचे विद्यापीठ आणि दिल्लीची संस्था यांच्यासह ‘बिकानेरी नरमा’ हे बीटी वाण काढले. सरळ वाण, बी राखता येईल असे, कंपनीच्या थैलीला खरा पर्याय. २००८ मध्ये परवानगी मिळाली, २००९ मध्ये बी विक्रीला आले. त्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले. डीएनए तपासणीत त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाची ओळख पटली होती, पुढे डॉ. सोपोरी समितीने त्याची चौकशी केली. ज्या ठशाने दुसऱ्याची चोरी पकडायची तो आपल्याच दारात उमटला. यातली सर्वांत मोठी हानी पैशाची नव्हे. सरळ बीटी वाणाची कल्पना त्या एका बेपर्वाईने कित्येक वर्षे मागे पडली, आणि तेवढी वर्षे शेतकरी दर मृगाला दुकानासमोर उभा राहिला.

मग कोणती मागणी करावी? एक साधन आधीपासून आहे. याच नागपूरच्या संस्थेने बीटी प्रथिन ओळखण्याच्या पट्ट्या विकसित केल्या होत्या. पानाचा तुकडा लहानशा नळीत द्रावणात चुरडायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत रेघा उमटतात. तिला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि ती जनुक न पाहता त्याचे काम, म्हणजे प्रथिन, पाहते. बियाणे विक्रीला येण्यापूर्वी आणि पुन्हा बोंडे धरताना अशी तपासणी तालुका कृषी अधिकाऱ्याने शेतकऱ्यांच्या देखत करावी, निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि वाणाच्या ठशाची तपासणी अकोल्याच्या विद्यापीठात शेतकऱ्याला विनामूल्य करून मिळावी. २००१ च्या कायद्यानुसार वाणाकडून किती उत्पादनाची अपेक्षा आहे हे विक्रेत्याने सांगितले पाहिजे, आणि ते न आल्यास शेतकऱ्याला भरपाई मागता येते. या तरतुदीचा वापर मात्र कोठे दिसत नाही. पक्षाच्या शाखांनी तो करून दाखवावा.

न्यायालयाचाही एक निर्णय हाताशी आहे. १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमविरुद्धच्या खटल्यात ठरविले की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. बी सदोष असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला त्याने आणलाच पाहिजे, हा निगमाचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. कारण शेतकरी घेतलेले सारे बी पेरतो, तपासणीसाठी ते बाजूला ठेवीत नाही. निगम सरकारी होता, हे विसरू नये. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बी न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर आल्या आणि औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा या निर्णयाची माहिती असलेले कार्यकर्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

न्यायालयाने सूट दिली असली तरी पुरावा असलेला बरा. थैली फोडताना ती खालच्या बाजूने फोडावी, वरची शिवण आणि टॅग शाबूत ठेवावा. पक्के बिल मागून घ्यावे. दुकानदार कच्ची चिठ्ठी देत असेल तर तेथेच हटून बसावे. मूठभर बी त्याच थैलीत राखून, वर तारीख आणि गट क्रमांक लिहून, दोन शेजाऱ्यांच्या सह्यांसह कोरड्या जागी ठेवावे. उगवण फसली तर आठवड्याच्या आत तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी, आणि पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. रिठदच्या शाखेने येत्या हंगामात निदान पंचवीस घरांच्या थैल्या अशा राखल्या, तर दिवाळीनंतर बोंडे उकलताना कोणत्या वाणाच्या किती बोंडांत अळी सापडली याची नोंद त्या थैल्यांसमोर मांडता येईल.